जुना डीएसएलआर की मोठ्या सेन्सरचा कॉम्पॅक्ट : एका निवडीची पूर्ण हकीकत

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या ओळखीतल्या एका ताईंचं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, बाकी जसं घडलं तसं लिहितोय. जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यावा की मोठ्या सेन्सरचा कॉम्पॅक्ट (खिशात मावणारा), हाच प्रश्न मला सारखा कुणी ना कुणी विचारतं आणि बोलणं दर वेळी सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, मापावर येऊन अडकतं, ते मला पटत नाही म्हणून एवढं सविस्तर.

ताई पंचेचाळीसच्या आसपास, चाळिशीचा चष्मा लागलेला. फोटोची आवड कॉलेजपासूनची, पण मधल्या काळात सगळं सुटलं आणि गेली काही वर्षं जे काय काढायचं ते फोनवरच. मुलगी बॅडमिंटन खेळते, वडील सोबत राहतात आणि त्यांच्याबरोबर संध्याकाळी चालायला जाणं हा रोजचा नेम. फोटोंचे विषय म्हणाल तर हेच दोन, अधूनमधून प्रवास. नवा कॅमेरा घ्यायचा नाही हे त्यांनी आधीच ठरवलेलं, कारण आवड परत टिकते का ते बघायचं होतं.

अशात दोन कॅमेरे एकाच वेळी समोर आले. एक मामांचा डीएसएलआर, निकॉन डी७०००. मामा पक्ष्यांचे फोटो काढतात, ते मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या नव्या प्रकारच्या कॅमेऱ्यावर गेले आणि म्हणाले, "घेऊन जा गं, कपाटात बुरशी धरण्यापेक्षा तुझ्याकडे चालू तरी राहील." सोबत १८-१०५ एमएमची झूम लेन्स आणि ३५ एमएम एफ/१.८ ची प्राईम, म्हणजे झूम न होणारी लेन्स (एफ नंबर जितका लहान तितका जास्त प्रकाश आत). दुसरा ऑफिसातल्या सहकाऱ्याचा कॉम्पॅक्ट, सोनी आरएक्स१०० मार्क थ्री, अगदी जपून वापरलेला. मामा पैसे घेणार नव्हते पण ताईंना तसं नको होतं, त्यामुळे खर्चाचा आकडा दोन्हीकडे साधारण सारखाच धरलेला आणि पैशावरून निवड होणार नव्हती.

मला त्यांनी विचारलं ते असं : "दादा, एकाचा सेन्सर तिप्पट मोठा आहे पण तो कॅमेरा दुसऱ्यापेक्षा चार वर्षं जुना आहे, मग फोटो कुणाचे चांगले येतील?"

अडचण नेमकी काय होती

प्रश्नातला हिशेब बरोबर होता. डी७००० चा सेन्सर साधारण २३.६ बाय १५.६ मिलिमीटर, आरएक्स१०० चा १३.२ बाय ८.८, म्हणजे क्षेत्रफळात तीनपटीच्या वरच फरक. डी७००० आला २०१० साली, १६.२ मेगापिक्सेलचा. मार्क थ्री २०१४ चा, २० मेगापिक्सेल आणि बॅक-इल्युमिनेटेड सेन्सर, म्हणजे तंत्र नवं. कागदावर मोठा-जुना विरुद्ध छोटा-नवा अशी सरळ लढत दिसते.

पण सेन्सर एकटा फोटो काढत नाही, त्याच्यापुढे लेन्स असते. आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण कॉम्पॅक्टची लेन्स त्याला चिकटलेली असते आणि डीएसएलआरची बदलता येते, मग "डीएसएलआर" म्हणताना नेमकी कोणती लेन्स लावलेला डीएसएलआर हे कुणी बोलतच नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. ताईंना काय काढायचंय हे त्यांनी सांगितलं होतं, पण फोनवर काय जमत नाहीये हे सांगितलं नव्हतं. म्हणून मी म्हटलं, कॅमेऱ्यांचं राहू दे, आधी मला फोनमधले फोटो दाखवा, आवडलेले नकोत, जे बघून चरफडायला होतं ते दाखवा.

त्यांनी पाठवले त्यात जवळजवळ सगळे बॅडमिंटन हॉलमधले होते. मुलगी स्मॅश मारतेय आणि रॅकेटच्या जागी नुसता करडा फराटा, किंवा चेहरा मेणासारखा गुळगुळीत कारण फोनने नॉईज (कमी उजेडात येणारे दाणे) पुसता पुसता त्वचाही पुसून टाकलेली. वडिलांचे संध्याकाळचे फोटो मात्र बरे होते, काही तर छानच. तिथे तक्रार एवढीच की उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि चष्मा काढघाल करावा लागतो.

पर्याय तोलताना

मी त्यांना सांगितलं की दोन नाही, तीन पर्याय आहेत असं धरा. डी७००० झूमसकट, डी७००० प्राईमसकट आणि आरएक्स१००. पहिले दोन एकच बॉडी असली तरी वागायला दोन वेगळे कॅमेरे आहेत.

तुलनेला सोपी रीत म्हणजे लेन्सच्या एफ नंबरला क्रॉप फॅक्टरने गुणायचं, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा) आपला सेन्सर किती पट लहान त्या आकड्याने. त्यातून फुल फ्रेमच्या मापाने कळतं की सेन्सरवर एकूण किती प्रकाश पडतोय आणि मागचं किती धूसर होणार. आरएक्स१०० मार्क थ्रीची लेन्स एफ/१.८ ते २.८, क्रॉप २.७, म्हणजे साधारण ४.९ ते ७.६. डी७००० वर १८-१०५ लावली तर ती रुंद टोकाला एफ/३.५, पुढे बारीक होत ५.६, आणि क्रॉप १.५, म्हणजे ५.३ ते ८.४. आता बघा, तिप्पट मोठा सेन्सर असूनही झूम लावलेला डीएसएलआर आणि खिशातला कॉम्पॅक्ट जवळपास एकाच रेषेत उभे राहिले! मोठ्या सेन्सरची सगळी कमाई त्या अंधाऱ्या झूमने खाल्ली. वर कॉम्पॅक्टचा सेन्सर नव्या तंत्राचा, म्हणजे प्रत्यक्षात तो किंचित पुढेसुद्धा असू शकतो.

३५ एमएम एफ/१.८ लावली की चित्रच पालटतं. १.८ गुणिले १.५ म्हणजे २.७. त्याच कोनात, म्हणजे फुल फ्रेमच्या पन्नास एमएमच्या आसपास, आरएक्स१०० २.८ वर असतो म्हणजे गुणून ७.६. फरक सुमारे तीन स्टॉपचा (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट), जवळपास आठपट प्रकाश. जुन्या-नव्या सेन्सरचं अंतर यातलं थोडंसं कमी करेल, पण थोडंसंच.

हॉलसाठी आकडे मांडले तर अजून स्पष्ट होतं. समजा प्राईमवर एफ/१.८, १/५०० सेकंदाचा शटर आणि आयएसओ १६०० ला एक्स्पोजर बसतंय (आयएसओ जितका वर तितका नॉईज जास्त). तोच उजेड, तोच शटर, तर आरएक्स१०० ला एफ/२.८ वर आयएसओ ४००० च्या आसपास जावं लागेल आणि तेही छोट्या सेन्सरवर. आणि डी७००० ला झूम लावून, त्या फोकल लेन्थला एफ/४.५ धरला, तर आयएसओ दहा हजारावर जातो, तर या बॉडीची नेहमीची रेंज ६४०० ला संपते.

वजनाचं पारडं उलट. डी७००० ची बॉडी बॅटरी आणि कार्डसकट ७८० ग्रॅम, त्यात ३५ ची प्राईम २०० ग्रॅम. आरएक्स१०० अख्खा २९० ग्रॅम आणि जॅकेटच्या खिशात मावतो. हा फरक मी कधीच हलका धरत नाही, घरी राहिलेला कॅमेरा कितीही चांगला असला तरी त्याचा फोटो येत नाही.

अजून दोन नावं बोलण्यात आली. रिको जीआर थ्री, ज्यात खिशात मावेल अशा बॉडीत अख्खा एपीएस-सी, म्हणजे डी७००० च्याच मापाचा सेन्सर आहे. पण २८ एमएमच्या कोनाची एकच लेन्स, एफ/२.८, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, तर हॉलच्या कडेला उभं राहून मुलगी मुंगीएवढी दिसणार, म्हणून तो लगेच बाद. आणि सोनी ए६००० सारखा जुना मिररलेस, तो खरंतर मधला चांगला रस्ता होता, पण त्याला उजळ लेन्स वेगळी शोधावी लागणार आणि इथे मामांची प्राईम हातात होती.

काय केलं

दोन्ही मालक ओळखीचे असल्याने मी सुचवलं की ठरवायच्या आधी दोन्ही कॅमेरे थोडे थोडे दिवस वापरायला मागा. दोघांनीही आनंदाने दिले.

पण त्याआधी डी७००० ची तपासणी केली, कारण एवढ्या जुन्या बॉडीला ती न करता हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले तो आकडा, फोटोच्या फाइलमधून वाचता येतो, तो चाळीस हजारांच्या आसपास निघाला आणि या बॉडीचं शटर दीड लाखापर्यंत तपासलेलं असतं, म्हणजे तिकडे चिंता नाही. मग एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो, फोकस मुद्दाम बिघडवून. वरच्या कोपऱ्यात धुळीचे दोन ठिपके दिसले, एक ब्लोअरने उडाला, दुसऱ्याला ओली सफाई लागली. मग लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने बघितलं. प्राईम स्वच्छ, पण १८-१०५ च्या पुढच्या काचेच्या आतल्या अंगाला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू, म्हणजे बुरशी. मामांनी गमतीत म्हटलेलं ते खरंच झालेलं. ती लेन्स तिथेच बाजूला ठेवली, प्राईमच्या शेजारी एका बॅगेतसुद्धा ठेवू दिली नाही.

पहिला निर्णय-बिंदू हाच. झूम गेली म्हणजे "एकच लेन्स, सगळ्याला चालेल" हा डीएसएलआरचा सोयीचा चेहरा गेला आणि ताईंचा कल एकदम कॉम्पॅक्टकडे झुकला. मी थांबवलं नाही, म्हटलं आधी तोच वापरा.

आरएक्स१०० चे दिवस मजेत गेले. रोज सोबत, वडिलांचे बाकावर बसलेले, चहा घेतानाचे, झाडाखालचे फोटो. रंग सुरेख, आवाज नाही, यूएसबीवर चार्ज होतो. एक गोष्ट मात्र त्यांना जमेना. त्याचा व्ह्यूफाइंडर बॉडीतून वर उसळतो, मग डोळ्याकडचा भाग बोटांनी बाहेर ओढायचा, आणि परत आत दाबला की कॅमेरा बंद होतो अशीच त्याची रचना आहे. ताईंची सवय अशी की फोटो काढला की व्ह्यूफाइंडर बसवून स्क्रीनवर बघायचा, तर प्रत्येक वेळी लेन्स आत, स्क्रीन काळी. वडील तोवर उठून पुढे चालायला लागलेले. सवय झाली असती, मान्य, पण ज्याला चष्म्यामुळे व्ह्यूफाइंडरच हवाय त्याच्यासाठी ही बारीकसारीक गोष्ट राहत नाही.

हॉलमध्ये मात्र तो अडखळला. मार्क थ्रीमध्ये फोकस फक्त कॉन्ट्रास्ट पद्धतीचा, म्हणजे लेन्स मागे-पुढे करून शोधते, आणि धावणारी मुलगी तोवर कोर्टच्या दुसऱ्या कोपऱ्यात. सेकंदाला दहा फ्रेमचा मोड आहे पण त्यात फोकस पहिल्या फ्रेमला अडकतो. फोनपेक्षा बरे फोटो आले, पण "बरे" एवढेच.

मग डी७००० प्राईम लावून. आणि पहिल्याच दिवशी ताईंचा फोन, "दादा, हा तर त्याहून वाईट आहे, सगळे फोटो हलकेसे मऊ!" फोटो मागवून बघितले. एका फोटोत मुलगी सर्व्हिसला उभी, चेहरा धूसर आणि तिच्या मागच्या जाळीची वीण मात्र दोरा दोरा मोजता येईल इतकी स्पष्ट. दुसऱ्यातही तसंच, तिसऱ्यातही. एकाच दिशेने चूक म्हणजे हात हलला नाही, फोकस मागे पडतोय.

हे डीएसएलआरचं खास दुखणं आहे आणि जुना घेणाऱ्याला माहीत असायलाच हवं. यात फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, आरशाच्या खालच्या बाजूला, आणि फोटो काढणारा वेगळा. दोघांचं अंतर किंचित जुळलं नाही की कॅमेरा म्हणतो फोकस झाला आणि फोटोत तो पुढे किंवा मागे गेलेला असतो. एफ/५.६ च्या झूमवर ते झाकून जातं, एफ/१.८ वर उघडं पडतं. म्हणूनच मामांना इतकी वर्षं कधी कळलं नसावं. मिररलेस आणि कॉम्पॅक्टमध्ये फोकस फोटोच्या सेन्सरवरच ठरतो, तिथे ही भानगड नाही.

डी७००० मध्ये एएफ फाइन ट्यून, म्हणजे फोकसची ही चूक मेनूतून सुधारायची सोय आहे, सगळ्या जुन्या बॉडीत ते नसतं. टेबलावर पट्टी तिरकी टेकवली, मधल्या रेघेवर फोकस, ट्रायपॉड, एफ/१.८, आणि मेनूत मूल्य थोडं थोडं हलवत गेलो. दर वेळी फोकस आधी बिघडवून परत करायला लावला, नाहीतर फसवं उत्तर येतं. बसल्या बैठकीत काम झालं. दुसरा निर्णय-बिंदू हा, कारण ताई त्याच संध्याकाळी कॅमेरा परत देणार होत्या.

पुढच्या वेळी हॉलमधून जे फोटो आले ते बघून मी स्वतः खूश झालो. एकात शटलकॉक रॅकेटच्या तारांना टेकलेलं, मुलीची नजर त्याच्यावर, कपाळावरचा घाम दिसतोय, आणि मागे कोर्टची हिरवी धूसर पट्टी. मधला फोकस पॉइंट, एएफ-सी (हलत्या माणसाचा फोकस सतत धरणारा मोड), १/५००. नॉईज होता, पण फिल्मच्या दाण्यासारखा, चेहरा पुसलेला नव्हता.

निकाल

निर्णय ताईंनीच केला, आणि तो सेन्सरवरून केलाच नाही. त्यांनी दोन्ही कॅमेऱ्यांचे आणि फोनचे फोटो शेजारी शेजारी लावले. संध्याकाळच्या फिरण्याचे आरएक्स१०० चे फोटो फोनपेक्षा चांगले होते, मोठं करून बघितलं तर बरेच चांगले, पण वडिलांना दाखवले तेव्हा त्यांना फरक सांगता आला नाही. हॉलचे फोटो मात्र कुणीही बघून सांगेल. त्यांचं म्हणणं असं की खिशातला कॅमेरा माझ्याकडे फोनच्या रूपात आहेच, मला नाहीये तो दुसरा.

डी७००० राहिला. आरएक्स१०० परत गेला. उरलेल्या पैशात ५० एमएम एफ/१.८ घेतली, जुनी पण टॉर्च मारून बघून, कारण कोर्टच्या कडेने ३५ थोडी आखूड पडत होती. झूम आता नाहीच, पाय हलवायचे. डोळ्याजवळचं डायॉप्टरचं चाक फिरवून चष्म्याशिवाय व्ह्यूफाइंडर स्वच्छ दिसतो, हे त्यांना आरएक्स१०० मध्येही होतं पण इथे ते कायम डोळ्यासमोर आहे, उघडझाप नाही.

सगळं गोड नाही हेही लिहिलं पाहिजे. फिरायला जाताना कॅमेरा बहुतेक वेळा घरीच राहतो, जवळपास किलोचं वजन आणि वडिलांचा हात, दोन्ही एकत्र जमत नाही. व्हिडिओसाठी फोनच, कारण लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे स्क्रीनवर बघून काढताना, या बॉडीचा फोकस रेंगाळतो आणि शोधत बसतो. आणि हॉलच्या दिव्यांचा झगमगाट, म्हणजे डोळ्याला न दिसणारा फ्लिकर, तो १/५०० ला पकडला जातो, सलग फ्रेममध्ये एक उजळ, एक पिवळट, एक काळपट. नंतरच्या काही बॉडीत अँटी-फ्लिकर आलं, यात ते नाही. उपाय एकच, सलग चार-पाच फ्रेम घ्यायच्या, चांगली निवडायची आणि रॉ मधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून, रंग सारखा करायचा.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, फोनला पहिल्या दिवसापासून तुलनेत धरायला हवं होतं. आम्ही फोनचे बिघडलेले फोटो बघितले ते बरोबरच, पण चाचणी दोनच कॅमेऱ्यांची ठेवली आणि तिसरा खेळाडू अगदी शेवटी आणला. मोठ्या सेन्सरचा कॉम्पॅक्ट आज अवघड जागी उभा आहे, खालून फोन ढकलतोय आणि वरून उजळ लेन्सचे कॅमेरे. ज्याच्याकडे बरा फोन आहे त्याने "याने मला फोनपलीकडे काय मिळेल" हे आधी विचारावं. उत्तर असू शकतं हं, प्रवासात झूम हवा असेल, रॉ वर काम करायचं असेल, शांत ठिकाणी आवाज नको असेल, तर कॉम्पॅक्ट अजूनही खरा साथीदार आहे. मुलगी बॅडमिंटनऐवजी चित्रं काढत असती तर मी स्वतः आरएक्स१०० घ्या म्हटलं असतं.

फोकसची चाचणी कॅमेरा हातात आल्या आल्या, धुळीच्या चाचणीबरोबरच व्हायला हवी होती. तिरकी पट्टी मांडायला वेळ लागत नाही, आणि ती न केल्याने चांगला कॅमेरा नापास होता होता राहिला. ज्या जुन्या बॉडीत फाइन ट्यून नाही तिच्यावर उजळ प्राईम लावणार असाल तर ही चाचणी करूनच व्यवहार करा, कारण तिथे चूक निघाली तर मेनूतून सुटत नाही, दुरुस्तीलाच द्यावा लागतो.

मिररलेसला आम्ही जरा घाईने बाजूला सारलं असं मला अजून वाटतं. हातात फुकटात मिळाल्यासारखी लेन्स आहे म्हणून बॉडी ठरली, हे ताईंच्या बाबतीत जमून गेलं, पण मामांकडे प्राईम नसती आणि फक्त ती बुरशीची झूम असती, तर डी७००० घ्यायला काहीच कारण नव्हतं. निकॉनने डीएसएलआरकडून झेड माउंटकडे, म्हणजे त्यांच्या मिररलेसकडे मोर्चा वळवलाय, नव्या डीएसएलआर बॉडी येत नाहीत. दिलासा एवढा की या दोन्ही प्राईम एएफ-एस प्रकारच्या आहेत, त्यांची फोकसची मोटर लेन्समध्येच असते, त्यामुळे एफटीझेड अडॅप्टर लावून त्या झेड बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. मामांच्या काळच्या जुन्या, आत मोटर नसलेल्या एएफ-डी लेन्स घेतल्या असत्या तर त्या अडॅप्टरवर ऑटोफोकस मिळत नाही. म्हणून जुना डीएसएलआर घेताना बॉडीपेक्षा लेन्स जास्त बघून घ्या, आणि ठेवायला एक हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, एवढं त्याच दिवशी आणा. ताईंच्या दोन्ही लेन्स आता तशाच डब्यात असतात.